एकटी फाइल, नवी चौकट : सॉफ्टवेअरच्या चाचण्यांचा एक दुर्लक्षित इतिहास

ठाण्याहून भिवंडीकडे निघाले की कशेळीचा खाडीपूल ओलांडताच काल्हेर लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या रांगा आहेत. मुंबईत शिरणाऱ्या मालावर १ जुलै २०१७ पर्यंत जकात होती. तिच्या सीमेबाहेर, पण शहरापासून फार दूर नाही अशा ठिकाणी माल उतरवून ठेवावा आणि लागेल तसा आत न्यावा, या व्यापारी हिशेबातून काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली या गावांच्या शेतजमिनींवर गोदामे उभी राहिली. या धाग्याचा विषय मात्र गोदामे नाही. विषय आहे सॉफ्टवेअर तपासण्याच्या साधनांचा इतिहास, आणि त्यातही एक बारीकशी अडचण : तपासणीचे साधन बदलले की आजवर बिनतक्रार चाललेली एखादी चाचणी एकटीने का चालेनाशी होते? तिचे मर्म गोदामाच्या उदाहरणातून लवकर उलगडते, म्हणून सुरुवात तिथून.

समजा, एका गोदामात बारा गाळे आहेत. दर वर्षअखेरीस कारकून साठ्याची मोजणी करतो. पहिल्या गाळ्यापासून सुरुवात, बाराव्यात शेवट. तिसऱ्या गाळ्यात विजेचे मुख्य बटण आहे. तिथे पोहोचला की तो ते दाबतो आणि पुढच्या सगळ्या गाळ्यांत उजेड पडतो. पाचव्यात शिडी आहे. ती तो बरोबर घेतो. सातव्या गाळ्याची मोजणी दरवर्षी चोख होते. एके वर्षी मालक मोजणीची पद्धत बदलतो आणि सांगतो, ‘आज फक्त सातवा गाळा मोजा.’ कारकून थेट सातव्यात जातो. आत अंधार, वरच्या फळीपर्यंत हात पोहोचत नाही. तो बाहेर येऊन सांगतो की नवी पद्धत निकामी आहे.

दोष नव्या पद्धतीत नसतो. सातवा गाळा तिसऱ्या आणि पाचव्या गाळ्याच्या भरवशावर मोजला जात होता, ही गोष्ट इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती, एवढेच.

आता मूळ विषय. मोठे सॉफ्टवेअर लिहिणारे लोक त्याच्यासोबत चाचण्याही लिहितात. अमुक आकडे दिले तर अमुक उत्तर यायला हवे, असे सांगणारे हे छोटे प्रोग्राम असतात. ते फाइलींमध्ये साठवलेले असतात. एका प्रकल्पात अशा शेकडो, कधी हजारो फाइली. त्या शोधून, चालवून, निकाल मांडणारी जी चौकट असते तिला ‘टेस्टिंग फ्रेमवर्क’ म्हणतात. ही चौकटही एक सॉफ्टवेअरच; तिच्याही नव्या आवृत्त्या येतात. सगळ्या चाचण्या चालायला अर्धा तास लागत असेल तर काम करणारा माणूस दरवेळी तेवढा थांबत नाही. ज्या भागावर हात चालू आहे तेवढीच फाइल तो चालवतो. म्हणून ‘एक फाइल एकटी चालणे’ ही दिसायला किरकोळ, पण रोजच्या कामात जीव की प्राण असलेली सोय आहे.

या सोयीची सर्वांत साधी आवृत्ती १९८७ सालची. त्या वर्षी १८ डिसेंबरला लॅरी वॉल यांनी पर्ल या भाषेची पहिली आवृत्ती जगापुढे ठेवली. तिच्यासोबत ‘टी’ एवढ्याच नावाचे एक फोल्डर होते आणि त्यात चाचण्यांच्या फाइली. प्रत्येक फाइल स्वतंत्र प्रोग्राम. ती चालवली की पहिल्या ओळीत ती किती चाचण्या करणार आहे ते छापायची आणि मग प्रत्येक चाचणीपुढे ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’. चौकट म्हणजे या ओळी वाचून हिशेब करणारा एक लहानसा प्रोग्राम. तो नसला तरी फाइल चालत होती, आणि तिने काय म्हटले ते माणसाला नुसत्या डोळ्यांनी वाचता येत होते.

या रचनेतील एक बारकावा इतिहासाच्या दृष्टीने मोलाचा आहे. ‘मी बारा चाचण्या करणार आहे’ असे फाइलने आधीच जाहीर केलेले असते. सात करून ती मध्येच थांबली तर उरलेल्या पाच हरवल्याचे लगेच कळते. पुढच्या तीस वर्षांत अधिक देखण्या चौकटी आल्या. त्यांपैकी अनेकींनी हा साधा करार सोडून दिला आणि त्याची किंमत मोजली. ती कशी, ते पुढे येईल.

१९९४ मध्ये केंट बेक या अमेरिकी प्रोग्रामरने स्मॉलटॉक भाषेसाठी चाचण्यांची एक छोटी चौकट लेखातून मांडली. पुढे ती एसयुनिट या नावाने ओळखली गेली. बेक नंतर क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रक प्रकल्पावर गेले. ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ ही कार्यपद्धती तिथेच आकाराला आली. मे १९९७ मध्ये ती प्रणाली सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांचा पगार काढू लागली. (प्रकल्प २००० साली गुंडाळला गेला, ही गोष्ट त्या पद्धतीचे भक्त जरा हलक्या आवाजात सांगतात.)

त्याच वर्षी झुरिचहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बेक आणि एरिक गामा शेजारी बसले होते. दोघे एका परिषदेला निघाले होते. त्या लांबच्या प्रवासात दोघांनी मिळून जावा भाषेसाठी तशीच चौकट लिहिली. तिचे नाव जेयुनिट. आज जगभरच्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांतील जावा प्रणालींच्या चाचण्या ज्या चौकटीवर चालतात, तिचा उगम असा प्रवासातला वेळ घालवण्यात आहे.

जेयुनिटमध्ये एक हट्ट होता. एका फाइलमध्ये दहा चाचण्या असतील तर चौकट त्या फाइलमधील वर्गाची दहा नवीकोरी रूपे घडवायची, प्रत्येक चाचणीसाठी एक. पहिल्या चाचणीने मागे ठेवलेले उष्टे दुसरीच्या ताटात येऊ नये, हा हेतू. काल्हेरच्या गोदामात सांगायचे तर प्रत्येक गाळा मोजण्याआधी सगळे दिवे बंद करायचे आणि शिडी जागेवर ठेवायची. नियम उत्तम होता. पण तो वर्गातील चलांपुरता चालत असे. चाचणीने एखादी नोंद डेटाबेसमध्ये ठेवली, संगणकावर एखादी फाइल तयार केली किंवा सर्वांना सामाईक असलेल्या जागेत काही लिहिले, तर तिथे चौकटीचा हात पोहोचत नव्हता. बरेचसे उष्टे याच वाटेने पसरत राहिले.

फेब्रुवारी २००६ मध्ये जेयुनिटची चौथी आवृत्ती आली. तोवर चाचणी ओळखण्याची खूण नावात होती. मेथडचे नाव ‘टेस्ट’ या शब्दाने सुरू व्हायचे आणि वर्ग जेयुनिटच्या एका मूळ वर्गाचा वारस असायचा. जावाच्या पाचव्या आवृत्तीत २००४ साली ‘ॲनोटेशन’ ही सोय आली होती. नव्या जेयुनिटने तिचा आधार घेतला : मेथडच्या डोक्यावर एक शिक्का मारायचा, नाव काहीही असो. पण जुन्या साधनांना तो शिक्का ओळखता येत नव्हता. नव्या रीतीने लिहिलेली फाइल जुन्या चालकाकडे दिली की तो सांगे, यात चाचण्याच सापडल्या नाहीत. फाइल तीच, डोळ्यांसमोर दहा चाचण्या लिहिलेल्या, आणि चालकाच्या लेखी ती रिकामी.

असा निकाल हाती आला की माणूस प्रथम नव्या आवृत्तीला दोष देतो. दुसऱ्या क्रमांकावर स्वतःला. दोष नक्की कशात आहे, मोजल्या जाणाऱ्या वस्तूत की मोजणाऱ्या साधनात, हा प्रश्न संगणकापेक्षा बराच जुना आहे. त्याचे एक ठसठशीत उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवरून गेलेले आहे, म्हणून थोडे आडवळण घेणे योग्य होईल.

२० जानेवारी १८२३ रोजी विल्यम लॅम्टन यांचे हिंगणघाट येथे निधन झाले. १८०२ पासून ते भारताच्या दक्षिण टोकाकडून उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी मोजत आणत होते. या साखळीचा पाया म्हणजे काही ठिकाणी प्रत्यक्ष जमिनीवर मोजलेली ‘आधाररेषा’. बाकी अंतरे कोनांवरून गणिताने काढली जात. आधाररेषा पोलादी साखळीने मोजल्या जात होत्या, आणि साखळी उन्हात लांबते, थंडीत आखडते. लॅम्टन यांच्यानंतर सूत्रे हाती घेतलेले जॉर्ज एव्हरेस्ट १८३० साली इंग्लंडहून नवे साधन घेऊन परतले : पितळ आणि लोखंड अशा दोन धातूंच्या जोडपट्ट्या. तापमान बदलले तरी त्यांवरील दोन खुणांमधील अंतर कायम राही.

साधन बदलले, तेव्हा जुन्या मापांचे काय करायचे? एव्हरेस्ट यांनी साखळीची मापे कोणत्यातरी गुणकाने दुरुस्त करून पुढे जाण्याचा सोपा मार्ग घेतला नाही. मध्य भारतातील सिरोंज येथील आधाररेषा साखळीने १८२४–२५ मध्ये मोजलेली होती. ती नव्या पट्ट्यांनी १८३७–३८ मध्ये पुन्हा मोजली गेली. मराठवाड्याला लागून असलेल्या बीदरची आधाररेषा १८४१ मध्ये अँड्र्यू वॉ यांनी पुन्हा मोजली. सिरोंज आणि बीदर यांच्यामध्ये सुमारे ४२५ मैलांची, विदर्भ ओलांडून जाणारी त्रिकोणमालिका. त्या मालिकेवरून गणिताने काढलेली बीदरची लांबी आणि जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत फरक निघाला सुमारे सव्वाचार इंचांचा.

त्या सव्वाचार इंचांना अर्थ आला तो एकाच कारणाने. बीदरची रेषा शेजारच्या कोणत्याही त्रिकोणाचा आधार न घेता, एकटी मोजली गेली होती. मालिकेवरून काढलेल्या आकड्यानेच ती ‘तपासली’ असती, तर फरक शून्य आला असता आणि त्या शून्याचा उपयोगही शून्य असता.

पुन्हा संगणकाकडे. एक फाइल एकटी चालवण्याची सवय जिथे सर्वांत खोल रुजली आणि जिथे नव्या आवृत्तीने तिला सर्वांत मोठा धक्का दिला, ती भाषा रुबी. जपानचे युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये ती जगापुढे आणली. नॅथॅनियल टॅलबट यांची ‘टेस्ट युनिट’ ही चौकट २००३ साली रुबीच्या १.८ आवृत्तीबरोबर मूळ संचातच मिळू लागली. २००४ मध्ये रेल्स आले. संकेतस्थळे झपाट्याने उभी करणारे हे साधन पुण्यातील अनेक कंपन्यांच्या उपजीविकेचा भाग झाले. रुबीकारांची भारतीय परिषद पुण्यात आणि गोव्यात भरत असे, यावरून इकडच्या वावराची कल्पना यावी.

रेल्सच्या मार्गदर्शिकेत त्या काळी एकटी फाइल चालवण्याची रीत अशी सांगितलेली असे : आधी चाचण्यांच्या फोल्डरमध्ये जा, मग तिथून रुबीला फाइलचे नाव द्या. प्रत्येक चाचणी-फाइलच्या पहिल्या ओळीत ‘टेस्ट हेल्पर’ नावाची एक साहाय्यक फाइल मागितलेली असायची. सगळी पूर्वतयारी तिच्यात. रुबी ती कुठे शोधणार? ठरलेल्या काही जागांत, आणि त्यांत शेवटची जागा म्हणजे ‘सध्या आपण जिथे उभे आहोत ते फोल्डर’. माणूस चाचण्यांच्या फोल्डरमध्ये उभा असल्यामुळे साहाय्यक फाइल लगेच सापडे.

१८ ऑगस्ट २०१० रोजी रुबीची १.९.२ आवृत्ती आली आणि शोधायच्या जागांमधून हे ‘सध्याचे फोल्डर’ काढून टाकले गेले. कारण सुरक्षिततेचे होते आणि रास्त होते. परक्या फोल्डरमध्ये उभे राहून एखादा प्रोग्राम चालवावा आणि तिथे कोणी मुद्दाम ठेवलेली त्याच नावाची घातक फाइल नकळत आत ओढली जावी, हा धोका खरा होता. (पर्लने हाच निर्णय २०१७ मध्ये ५.२६ आवृत्तीत घेतला, आणि तिथेही असंख्य चाचण्या याच कारणाने अडखळल्या.)

परिणाम विचित्र झाला. सर्व चाचण्या एकत्र चालवल्या तर सगळे ठीक, कारण एकत्र चालवणारे साधन चाचण्यांचे फोल्डर शोधयादीत आपण होऊन घालत असे. एकटी फाइल चालवली की मात्र पहिल्याच ओळीला अडखळे : साहाय्यक फाइल सापडत नाही. चाचणी नापास झाली असती तर निदान काही कळले असते. ती सुरूच होत नव्हती. उपाय एका छोट्या खुणेचा होता. रुबीला आज्ञा देतानाच ‘चाचण्यांचे फोल्डरही शोधयादीत घे’ असे सांगायचे. मार्गदर्शिकेतील ओळही पुढे तशी बदलली. पण ज्याने ती ओळ वाचली नव्हती त्याच्या दृष्टीने काल चालणारी फाइल आज मेली होती, आणि मध्ये बदलले होते ते फक्त रुबीच्या नावापुढचे आकडे.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण बहुतेक गोंधळ तो न केल्यामुळे होतो. रुबी १.९.२ मधील अडचण वाटेची होती : फाइल स्वतः स्वतंत्र होती, तिला लागणारे सामान कुठे मिळेल एवढेच सांगायचे राहिले होते. काल्हेरच्या सातव्या गाळ्याची अडचण निराळी. तिथे सामान दुसऱ्या गाळ्याच्या मोजणीतून चोरपावलांनी येत होते. पहिली अडचण एका ओळीत सुटते. दुसरी सुटायला कधी कधी महिने लागतात, कारण कोणत्या गाळ्यातून काय येते याची नोंद कुठेच नसते.

दुसऱ्या प्रकारची अडचण जावाच्या जगात एका रात्रीत उघडी पडली. जुलै २०११ मध्ये जावाची सातवी आवृत्ती आली. जेयुनिट फाइलमधील चाचण्यांची यादी जावाकडूनच मागून घेत असे, आणि जुन्या आवृत्त्यांत ती यादी साधारणपणे लिहिलेल्या क्रमाने मिळत होती. हा क्रम पाळण्याचे वचन जावाने कधीच दिले नव्हते. अधिकृत दस्तऐवजात तर क्रमाची हमी नाही असेच लिहिले होते. सातव्या आवृत्तीत क्रम बदलला. पहिल्या चाचणीने नोंद तयार करावी, दुसरीने ती वाचावी, तिसरीने पुसावी, अशा ओळीने लिहिलेल्या चाचण्या कोसळू लागल्या. पुसणारी आधी चालली तर पुसायला काही नाही आणि वाचणारीला वाचायला काही नाही.

जेयुनिटने नोव्हेंबर २०१२ मधील ४.११ आवृत्तीत तोडगा काढला : क्रम ठरावीक ठेवला, पण लिहिलेल्या क्रमापेक्षा वेगळा. मेथडच्या नावावरून काढलेल्या एका आकड्यानुसार तो लागे. म्हणजे दरवेळी निकाल सारखा यावा, पण लिहिणाऱ्याने क्रमावर विसंबू नये. ज्यांना क्रम हवाच त्यांच्यासाठी वेगळा शिक्का होता. तडजोड म्हणून हे चतुर आहे. आजाराकडे पाहिले तर त्याने ताप उतरतो, दुखणे अंगात राहते.

रुबीकडील उपाय अधिक कठोर होता. रायन डेव्हिस यांची ‘मिनिटेस्ट’ ही आटोपशीर चौकट २००९ मध्ये १.९.१ आवृत्तीपासून रुबीच्या मूळ संचात टेस्ट युनिटच्या जागी बसवली गेली. ती चाचण्या मुद्दाम पत्त्यांसारख्या पिसून चालवते. दरवेळी क्रम वेगळा. कोणत्या क्रमाने चालल्या त्याचा एक आकडा ती छापते; तो आकडा परत दिला की नेमका तोच क्रम पुन्हा लावता येतो. ज्याला पिसणे नको असेल त्याने आपल्या फाइलमध्ये एक मेथड बोलवावी अशी सोय आहे. त्या मेथडच्या नावाचा मराठी अर्थ साधारण असा होतो : ‘मी टाकाऊ आहे आणि माझ्या चाचण्या क्रमावर अवलंबून आहेत’. हे नाव खरोखर अस्तित्वात आहे आणि गंभीर व्यावसायिक प्रकल्पांतूनही ते लिहावे लागले आहे.

या विनोदाला एक दुसरी बाजू आहे. ते अपमानास्पद नाव बहुधा अशा माणसाला लिहावे लागते ज्याने त्या चाचण्या लिहिलेल्याच नसतात. लिहिणारा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो, आणि मागे राहिलेल्या नवख्या अभियंत्याच्या वाट्याला नव्या आवृत्तीचे काम आलेले असते. कागदपत्रांशिवाय मिळालेल्या वारशाची लाज वारसाने का वाहावी, हे डेव्हिस यांच्या चौकटीने विचारले नाही. तरीही या कठोरपणामुळे अनेक प्रकल्पांतील छुपे अवलंबित्व पृष्ठभागावर आले, हे मान्य करावे लागते.

ते नेमके शोधायचे कसे, याचेही तंत्र पुढे घडले. शंभर फाइली एका क्रमाने चालवल्यावर शेवटची नापास होते, पण एकटी चालवली की पास होते. म्हणजे आधीच्या नव्याण्णवांपैकी कोणीतरी घाण केली आहे. अर्ध्या काढा, पुन्हा चालवा, अजूनही नापास? मग अपराधी उरलेल्या अर्ध्यांत. पुन्हा अर्ध्या करा. सात-आठ फेऱ्यांत एक नाव हाती लागते. आरस्पेक या रुबीच्याच दुसऱ्या चौकटीने २०१५ मधील ३.३ आवृत्तीत ही निम्म्यानिम्म्याने छाननी आपोआप करण्याची सोय दिली.

२०१४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी ॲपाची संस्थेच्या ५१ मुक्तस्रोत प्रकल्पांतील २०१ दुरुस्त्या तपासल्या. कधी पास, कधी नापास अशा लहरी चाचण्यांच्या त्या दुरुस्त्या होत्या. लहरीपणाच्या तीन प्रमुख कारणांत चाचण्यांचे एकमेकींच्या क्रमावर अवलंबून असणे हे एक निघाले. २०१९ मध्ये त्याच विद्यापीठातून या नात्यांना नावे मिळाली. एकटी पास होणारी, पण दुसरीच्या घाणीमुळे गर्दीत नापास होणारी चाचणी म्हणजे ‘बळी’. घाण करणारी ‘प्रदूषक’. उलट, गर्दीत पास होणारी पण एकटी नापास होणारी ती ‘ठिसूळ’. काल्हेरचा सातवा गाळा या दुसऱ्या जातीचा. बळी निदान आरडाओरड करतो. ठिसूळ चाचणी गर्दीत वर्षानुवर्षे हिरवी दिसत राहते. एकदा एकटी चालवल्याशिवाय तिची जात कळत नाही.

रेल्सच्या पाचव्या आवृत्तीने ३० जून २०१६ रोजी रुबीकारांची जुनी तक्रार बरीचशी मिटवली. नव्या चालकाला फाइलचे नाव द्यावे, हवे तर पुढे ओळीचा क्रमांकही. तो तेवढीच चाचणी चालवतो. शोधयादीची चिंता त्याची त्यालाच. शिवाय एखादी चाचणी नापास झाली की निकालाखाली तीच एक चाचणी पुन्हा चालवण्याची आज्ञा तयार छापलेली मिळते. उचलायची आणि चिकटवायची. २०१० ते २०१६ या सहा वर्षांत किती लोकांनी ती विसरलेली छोटी खूण शोधण्यात संध्याकाळी घालवल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

सर्वांत घातक प्रसंग मात्र कोणताही आवाज न करता घडला. १० सप्टेंबर २०१७ रोजी जेयुनिटची पाचवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती मुळापासून नव्याने बांधलेली होती. चाचण्या शोधणारा मंच वेगळा, नव्या रीतीच्या चाचण्या चालवणारे यंत्र वेगळे, आणि जुन्या रीतीच्या चाचण्यांसाठी ‘व्हिंटेज’ नावाचे तिसरे यंत्र. जुना वाडा न पाडता त्याला नव्या घराचा दरवाजा जोडावा, तशी ही रचना.

जावाचे बरेच प्रकल्प मेव्हन या बांधणी-साधनाने चालतात, आणि त्यात चाचण्या चालवण्याचे काम ‘शुअरफायर’ नावाचा जोडभाग करतो. शुअरफायरला नव्या मंचाची स्वतःहून ओळख पटू लागली ती २०१८ मधील २.२२.० आवृत्तीपासून. मधल्या काळात, आणि नंतरही जिथे शुअरफायर जुनेच राहिले तिथे, असे होई : अभियंता सगळ्या फाइली नव्या रीतीत लिहून काढतो, संपूर्ण बांधणी चालवतो आणि पडद्यावर ‘यशस्वी’ असे उमटते. वरच्या ओळींत बारीक अक्षरांत आकडा असतो : चालवलेल्या चाचण्या, ०.

शून्य चाचण्या चालल्या आणि त्यांपैकी एकही नापास झाली नाही. तर्काने यात चूक काढता येत नाही. फक्त ज्या पगाराच्या, कर्जाच्या किंवा तिकिटाच्या हिशेबावर त्या चाचण्यांचा पहारा होता, तो हिशेब त्या दिवसापासून बिनपहाऱ्याचा झालेला असतो, आणि पहारेकऱ्याच्या खोलीत दिवा चालूच असतो.

हे उघडकीस कसे येई? पुष्कळदा एका फाइलमुळे. कोणीतरी आपल्या कामापुरती एकच फाइल नाव देऊन चालवायला जाई, आणि तेच शुअरफायर जे संपूर्ण बांधणीत गप्प होते ते आता अडून बसे : एकही चाचणी चालली नाही, म्हणून बांधणी अयशस्वी. कारण त्याच्या रचनेत हा फरक मुद्दाम ठेवलेला होता. सगळा प्रकल्प चालवताना एखाद्या भागात चाचण्या नसू शकतात, ते खपवून घ्यायचे. पण माणसाने नाव घेऊन एक चाचणी मागितली आणि ती सापडली नाही, तर ती चूकच. त्या संदेशात चूक दुर्लक्षित करण्याची किल्लीही लिहिलेली असे. घाईत असलेल्या लोकांनी ती फिरवली आणि पुढे गेले, असेही घडले असणारच.

पर्लच्या १९८७ सालच्या फाइली पहिल्याच ओळीत ‘मी इतक्या चाचण्या करणार आहे’ असे का सांगत होत्या, ते आता वेगळे सांगायला नको. तो करार इतर भाषांत परत यायला बराच काळ गेला. पायथॉनच्या मूळ संचातील ‘युनिटटेस्ट’ ही चौकट एकही चाचणी न सापडल्यास कित्येक वर्षे मुकाट्याने ‘ओके’ छापून यशाची खूण देत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ आवृत्तीपासून तसे होत नाही. चाचणी चाललीच नसेल तर ती ५ हा वेगळा आकडा परत करते, आणि बांधणी तिथेच थांबते.